हिरव्या कोटाची कॉलर

माझ्या मावशीच्या घरात शिरायचं असेल तर आधी आंघोळ करावी लागते. तिच्याकडे राहायला आले त्याला आता सात वर्षं होतील, पण पहिल्या दिवसाचा नियम अजून तसाच आहे. दारातून आत यायचं, पर्स खुंटीला अडकवायची आणि कुठेही न टेकता सरळ न्हाणीघर गाठायचं. मी चुकून सोफ्यावर बसलेच, तर ती स्वयंपाकघरातून ओरडते, "ऊठ, ऊठ! तो सोफा आता उद्यापर्यंत घमघमत बसेल."

यात तिचं काही चुकत नाही. मी एका चार मजली दुकानात तळमजल्यावर परफ्यूम विकते. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मनगटांवर फवारे मारायचे, कागदाच्या पट्ट्या हलवून दाखवायच्या आणि पाय कितीही दुखले तरी गोड बोलायचं. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगाला चाळीस प्रकारचे वास चिकटलेले असतात आणि त्यातला एकही माझा नसतो. मावशी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या खोलीत, गेली एकोणतीस वर्षं वाफेची इस्त्री करते. तिथे वासाला बंदी आहे. ही बंदी मालकानं घातलेली नाही, तिनंच स्वतःवर घालून घेतली आहे. साबण बिनवासाचा, केसांना तेल नाही, पावडर नाही, खोकला झाला तर पेपरमिंटची गोळीसुद्धा नाही. कारण धुऊन आलेला कपडा खरंच स्वच्छ झाला का, हे ती डोळ्यांनी बघत नाही. नाकानं बघते.

तिची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे. कोट टेबलावर पसरायचा, कॉलरखाली वाफ सोडायची, मनात चारपर्यंत मोजायचं आणि वाकून एक श्वास घ्यायचा. गार कपडा काही सांगत नाही, म्हणते. ऊब लागली की लोकरीच्या पोटात दडलेलं सगळं वर येतं. सिगारेट, दवाखाना, कुत्रं, तळण, दुसऱ्याच कुणाचं परफ्यूम. काही वर आलं की कोट परत धुवायला. काहीच आलं नाही तर चिठ्ठी टाचायची आणि बाहेर पाठवायचा. एकोणतीस वर्षांत तिच्या हातून वास येणारा एकही कपडा दुकानाबाहेर गेलेला नाही. याचा तिला भारी अभिमान आहे आणि तो ती लपवतही नाही.

लग्न तिनं केलं नाही. कारण विचारलं तर म्हणते, "एक मुलगा पसंत होता गं. पण त्याच्या आईच्या कपाटात डांबरगोळ्या. त्या घरात मी कशी नांदले असते?" खरं की खोटं, तिचं तिला माहीत.

गिऱ्हाइकांची नावं तिला ठाऊक नसतात. ती गल्ल्यावर कधी येतच नाही, त्यामुळे चेहरेही फारसे ठाऊक नाहीत. ती माणसं ओळखते ती कपड्यांवरून. रात्री जेवताना मला बातम्या मिळतात: "फाटक्या खिशानं परत सिगारेट धरली." "तपकिरी जाकिटाकडे बाळ झालं वाटतं, खांद्याला दूध आहे." हे सगळं माझ्यापुरतं. बाहेर कुणाला अवाक्षर सांगायची नाही. तिच्या पोटात किती घरांच्या भानगडी आहेत याचा हिशेब लागणार नाही, पण त्या तिथेच राहतात. ज्या एका प्रसंगी तिनं तोंड उघडलं, त्याचीच ही हकिगत आहे, आणि सुरुवात माझ्या आगाऊपणापासून झाली.

मंगळवारी दुपारी माझ्या काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ आले. अंगानं काटकुळे, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, खिशाला पेन. त्यांनी काखेतून नवंकोरं खोकं काढून ठेवलं आणि त्याच्या शेजारी रुमालात गुंडाळलेली एक जुनी बाटली ठेवली. दोन्ही एकाच परफ्यूमच्या. आमच्याकडे याला अंबर म्हणतात. डिंकासारखा ऊबदार गोडवा आणि त्यावर थोडा मसाला, थंडीच्या दिवसांत फार खपतं.

"ही नवी बाटली परत घ्या," ते म्हणाले. "यात भेसळ आहे."

"भेसळ?"

"आतला माल बदललाय. मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. चौतीस वर्षं. भल्याभल्या दुकानदारांची खोटी मापं पकडली आहेत मी, तेव्हा मला शिकवू नका."

मी म्हटलं, काका, खोक्याला सील होतं, कंपनी तीच, नंबर तोच. त्यांनी खिशातून दोन पानी पत्राची नक्कल काढली. कंपनीला तक्रार कालच रवाना झाली होती. मग जरा आवाज खाली आणून ते म्हणाले, "माझी बायको चोवीस वर्षं हेच वापरायची. मीच आणायचो, लग्नाच्या वाढदिवसाला. ती गेली गेल्या वर्षी. तिच्या बाटलीतलं दर रविवारी एकदाच, थोडंसं, उशीवर मारायचो. ते संपलं. मग हे आणलं. उशीवर मारलं, तर... ती नाहीच त्यात."

मी जुन्या बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं. आत थेंबही नव्हता. सुकलेला, लवंगेसारखा काहीतरी वास होता. जुनं झालं की गोडवा उडतो आणि मसाला उरतो, असं आम्हाला शिकवलेलं आहे. त्यामुळे मी पुढे विचारच केला नाही. मागे पाच माणसं ताटकळत होती, आमच्या मॅनेजरबाई लांबून माझ्याकडे डोळे वटारत होत्या. आणि मी बोलून गेले, "काका, कंपनीनं काही बदललेलं नाही हो. वय झालं की नाक दगा देतं, सगळ्यांचंच देतं."

आता हे माझ्यावर कडाडणार, असं मला वाटलं. कडाडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नवी बाटली खोक्यात घातली, जुनी रुमालात गुंडाळली, रुमालाला नीट गाठ मारली.

"म्हणजे मीच विसरलो," ते म्हणाले. "चौदा महिन्यांत."

आणि गेले. पुढच्या बाईंनी मनगट पुढे केलं होतं, मी त्यावर फवारा मारला.

संध्याकाळी आंघोळ करून ताटावर बसले आणि मावशीला हा प्रसंग रंगवून सांगितला. हो, रंगवून. त्यांचा आवाज काढला, "आतला माल बदललाय" म्हणून दाखवलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते. मावशी आधी हसत होती. "वजनमापं" शब्द आला आणि तिचा घास हातातच राहिला.

"त्या जुन्या बाटलीला लवंगेचा वास होता का?"

"तुला कसं माहीत?"

"हिरवा कोट," मावशी म्हणाली. आणि मग, "तू त्या माणसाला त्याचं नाक गेलं म्हणालीस?"

"मी म्हटलं, वय झालं की..."

"तेच ते."

ती जेवणावरून उठली. मावशी ताट टाकून उठते असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

हिरवा कोट सोमवारीच दुकानात आला होता. त्याला कसर लागली होती. गृहस्थांनी गल्ल्यावर बजावून सांगितलं होतं की बाह्या धुवा, अस्तर धुवा, पण कॉलरला हात लावू नका. मालकानं तशी चिठ्ठी लिहून कोट आत पाठवला. मावशीनं चिठ्ठी वाचली आणि कोट पिशवीत घट्ट बांधून बाजूला ठेवला, कारण अर्धा कोट धुता येत नाही आणि कसर लागलेला कोट तसाच ठेवला तर ती शेजारच्या शंभर कपड्यांत शिरते. काय करावं हे तिला सुचलेलं नव्हतं. त्यात मी ही बातमी आणली.

मग तिनं मला सगळं सांगितलं. थंडी संपली की दरवर्षी हा कोट यायचा. बाईसाहेब स्वतः घेऊन यायच्या. पहिली काही वर्षं नुसता कोटच आत यायचा. एका वर्षी मात्र त्या गल्ल्याला वळसा घालून सरळ इस्त्रीच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, कॉलरमधला वास अगदी मुळापासून घालवा. कारण काय, तर त्यांनी स्कार्फ बाजूला करून दाखवलं. मानेवर लाल पट्टा उठला होता, जिथे कॉलर घासते नेमका तिथे. "सहा वर्षं होतंय," त्या म्हणाल्या. "हे फार हौसेनं आणतात हो. कसं सांगू?"

पुढच्या वर्षी कोट आला. मावशीनं वाफ सोडली, चारपर्यंत मोजलं, वाकली आणि सरळ उभी राहिली. वास बदललेला होता. लांबून तसाच, पण गोडवा कमी, लवंग जास्त आणि शेवटी कुठेतरी विझलेल्या काडीसारखा धूर. बाई कोट न्यायला आल्या तेव्हा मावशीनं त्यांना आत बोलावलं आणि विचारलं, "बाई, बदललंत?"

"दचकल्याच," मावशी म्हणाली. "आणि मग जे हसायला लागल्या! त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसावं लागलं त्यांना. डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला अख्खं शहर टरकून असतं, दुकानदार त्याला बघून तराजू पुसतात, आणि घरातल्या बाटलीत मी काय भरलंय ते त्याला कळत नाही."

नवऱ्यानं आणलेल्या बाटलीचं फवाऱ्याचं डोकं त्या फिरवून काढायच्या, आतलं बहिणीला देऊन टाकायच्या आणि त्याच बाटलीत स्वतःला सोसेल असं दुसरं भरायच्या. ओतून द्यायचा त्यांचा जीव होईना. अठरा वर्षं बाटली नवऱ्याची आणि आतलं परफ्यूम बायकोचं. हसू ओसरल्यावर त्यांनी मावशीचा हात धरला होता. "यांना कधी कळू देऊ नका. शपथ आहे तुम्हाला."

"मग सोपंच आहे की," मी म्हटलं. "कोट धू. वरून बाईंचं परफ्यूम मार आणि दे. गुपचूप."

"आणि तो वास उडाला की? तो माणूस परत आपलीच बाटली आणणार, परत उशीवर मारणार, परत म्हणणार, विसरलो. दर वर्षी थोडा थोडा विसरलो. असं मरायचं का त्यानं?"

"मग सांगून टाक."

"आणि बाईंना काय सांगू?"

"मावशी, बाई गेल्या."

"म्हणून काय झालं?" ती म्हणाली.

बाईंच्या परफ्यूमचं नाव तिला माहीत नव्हतं. पण तिनं वर्णन केलं तसं आमच्याकडे एकच होतं, खालच्या फळीवरचं, फारसं कुणी न मागणारं. दुसऱ्या दिवशी मी दोन्हींचे नमुने मागून आणले, दोन बोटभर कुप्या. पट्टीवर मारून तिला दाखवले तर मावशीनं नाक मुरडलं. "कागद काय कोट आहे? आणि ताजा वास मला काय करायचाय? मला मुरलेला पाहिजे."

म्हणून तिनं उरल्यासुरल्या कापडातून लोकरीचे दोन करडे तुकडे कापले. घरात फवारायची सोय नव्हतीच. मी गच्चीवर जाऊन एकावर निरीक्षकांचं मारलं, दुसऱ्यावर खालच्या फळीवरचं, आणि ओळखायला दुसऱ्याच्या कोपऱ्यात दोऱ्याची बारीक गाठ मारली. दिवसभर आणि रात्रभर ते दोरीवर वाळत राहिले. शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तिच्याबरोबर गेले. जाताना अर्थातच कडक आंघोळ करून.

मागची खोली लहान आहे. मधे जाड कापड ताणलेलं टेबल, वरून नळीला लोंबणारी इस्त्री, खाली पायानं दाबायची पट्टी, भिंतीलगत चिठ्ठ्या टाचलेल्या कपड्यांच्या रांगा. खिडकी आहे, पण ती समोरच्या भिंतीवर उघडते. मावशीनं पिशवी सोडली आणि झोपलेलं माणूस जागं होऊ नये अशा बेतानं हिरवा कोट पसरला. कॉलरखाली वाफ सोडली. एक, दोन, तीन, चार. वाकली. मग बाजूला होऊन मला म्हणाली, "ये."

मी धंद्यानं वास विकणारी. दिवसाला शंभर वेळा "किती सुंदर ना?" म्हणणारी. पण त्या उबेत जे वर आलं ते विकायचं नव्हतं. लवंग होती, धूर होता, आणि त्यांच्याखाली एक माणूस होतं. मी त्या बाईंना कधीही पाहिलेलं नाही, तरी मला घरात कुणीतरी आहे असं वाटलं.

मग तुकडे. पहिल्याला वाफ दिली तर नुसता गोडवा, जड, चिकट. दुसरा, गाठीचा. मावशीनं डोळे मिटून घेतले.

"याच बाई," ती म्हणाली.

तिनं कॉलरवरून एकदा हात फिरवला आणि कोट यंत्रात घातला. झाकण लावलं, बटण दाबलं आणि गार पाण्यानं तोंड धुतलं. "कसर काय माणूस बघून लागते?" असं काहीतरी पुटपुटली. कोटावर फवारा मारायचा का, कुठला मारायचा, की काहीच नाही, हे तिनं मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अजून इस्त्री व्हायचीय."

शनिवारी मी अर्धा दिवस सुटी घेतली. निरीक्षकसाहेब बरोबर अकराला आले. मालकानं कोट आणून गल्ल्यावर ठेवला. त्यांनी चिठ्ठी तपासली, शिवण तपासली आणि मग, आम्ही कुणी बघत नाही असं समजून, कॉलर उचलून चेहऱ्याशी धरली. कोटाला कसलाच वास नव्हता. मावशीचं काम चोख होतं.

"कॉलर सोडायला सांगितली होती," ते म्हणाले. त्यांच्यात रागवायचंही बळ उरलेलं नव्हतं. "असो. आता काय."

तेवढ्यात मावशी बाहेर आली. मालकानं मान वळवून बघितलं, कारण एकोणतीस वर्षांत ती गिऱ्हाइकासमोर अशी आलीच नव्हती. तिच्या हातात ते दोन करडे तुकडे होते, नुकतीच वाफ दिलेले.

"साहेब, कॉलर मी धुतली. कसर होती, इलाज नव्हता," ती म्हणाली. "पण तुम्ही मापं तपासायचात ना? मग एवढं तपासा. यातला बाईंचा कुठला?"

"माझं नाक गेलंय," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "या मुलीला विचारा. हिनंच सांगितलं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "चुकलं माझं, काका," मी म्हटलं. "मला काही कळत नाही. तुम्ही बघा ना."

त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग सवयीनं दोन्ही तुकडे उलटसुलट करून बघितले, खूण शोधली. पण गाठ मावशीनं आतल्या बाजूला दुमडून ठेवली होती. त्यांनी पहिला तुकडा नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"हा त्या नव्या बाटलीचा. भेसळीचा. हा नाही."

दुसरा उचलला. आणि त्यांचा दुसरा हात गल्ल्याच्या फळीवर आला, तिची कड घट्ट धरली. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"ही," ते म्हणाले. "ही आहे."

मावशीनं एक मोठा श्वास घेतला. मी तिला ओळखते. ती त्या क्षणी कुणाची तरी मनातल्या मनात माफी मागत होती. मग तिनं सांगून टाकलं. लाल पट्टा, बहीण, बाटलीचं फिरणारं डोकं, अठरा वर्षं. काही गाळलं नाही, काही पदरचं घातलं नाही. शपथेचंही सांगितलं.

निरीक्षकसाहेबांचा चेहरा बघत मी उभी होते. मला वाटलं, आपण या माणसाचं उरलंसुरलंही काढून घेतलं. आधी ते तपासणीला बसल्यासारखे प्रश्न विचारत गेले.

"बाटली तीच?"

"तीच."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"आणि मी आणलेला माल, तो बहिणीकडे?"

"हो."

ते थांबले. मग त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि तो हसण्याचा आहे हे कळायला मला वेळ लागला. "अहो, मेव्हणी घरी आली की मी हिला म्हणायचो, तुझ्या बहिणीचं सेंट काही खरं नाही, डोकं उठतं. आपलं बघ! अठरा वर्षं म्हणतोय. आणि ही मान डोलवायची. म्हणायची, तुमची निवडच वेगळी."

आता मावशीही हसायला लागली. मालकालाही राहवलं नाही. साहेबांनी चष्मा काढून रुमालानं डोळे पुसले, त्याच रुमालानं, ज्यात बाटली बांधून आणली होती.

"एका वर्षी मला वेगळं वाटलं होतं," ते म्हणाले. "हिला म्हटलंसुद्धा, आता हे तुला खरं शोभायला लागलं. मला वाटलं, मुरलं असेल." मग हसू हळूहळू विरलं. "पहिली सहा वर्षं मान खाजत होती म्हणता?"

"हो."

"आणि बोलली नाही."

"तुम्ही हौसेनं आणायचात, म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना लागलं होतं, आणि लागू द्यायलाच हवं होतं. मावशीनं त्यावर फुंकर घातली नाही. थोड्या वेळानं त्यांनी गाठीचा तुकडा परत उचलला, हुंगला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही, साहेब," मावशी म्हणाली. "तुम्हाला बरोब्बर आठवत होतं."

मग तिनं ॲप्रनच्या खिशातून ती दुसरी कुपी काढली. म्हणजे तिचं ठरलेलं होतं. तिनं कोटाची कॉलर उलटी केली, जिथे ती मानेवर घासायची नेमका तिथे एक फवारा, आणि आत अस्तराला एक. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून वास येणारा कपडा दुकानाबाहेर जायला निघाला.

साहेबांनी कोट हातावर घेतला. त्यांच्या काखेत ते नवं खोकंही होतं, इथून आमच्या दुकानात जाऊन परत करायला आणलेलं. ते त्यांनी माझ्यापुढे केलं, आणि मागे घेतलं. "हे राहू दे. मेव्हणीचं संपलं असेल आता," ते म्हणाले. "तिला द्यायला जातो. माफीही मागायचीय." मग मला म्हणाले, "आणि तुम्ही ते तिचं जे आहे, त्याचं नाव लिहून द्या. आणि कंपनीला एक पत्र लिहावं लागेल. तक्रार मागे घेतो म्हणून. भेसळ घरचीच होती."

मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. त्यांनी ती वाचली, घडी करून पेनाजवळ ठेवली आणि दारापर्यंत गेले. तिथून परत फिरले.

"त्या हसल्या म्हणालात," ते मावशीला म्हणाले. बायकोला ते पहिल्यांदाच 'त्या' म्हणत होते. "खूप?"

"स्टुलावर बसावं लागलं."

"ते स्टूल आहे अजून?"

मावशीनं आतल्या खोलीचं दार उघडून धरलं. कोपऱ्यात ते होतंच, एक पाय जरा आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं. तिनं वरचे हँगर उचलले आणि फडक्यानं धूळ झटकली. ते बसले. कोट मांडीवर घेतला, कॉलर वर करून. मावशीनं इस्त्री खाली ओढली, तपकिरी जाकीट टेबलावर पसरलं आणि वाफ सोडली, आणि मी चिठ्ठ्या टाचायला घेतल्या.